अमेरिकेतील घरगुती धुलाई यंत्रांचे कारखाने

कपडे धुण्याची व वाळवण्याची घरगुती यंत्रे बनवणारा अमेरिकी उद्योग विसाव्या शतकात मुख्यतः आयोवा, ओहायो, मिशिगन, इंडियाना, विस्कॉन्सिन या राज्यांत वाढला, आणि तोही बराचसा लहान गावांत. याचे एक कारण शेती अवजारांच्या धंद्यात आहे. आयोवातील न्यूटन येथे १८९३ साली एफ. एल. मेटॅग व त्यांच्या भागीदारांनी मळणी यंत्राला पेंढ्या भरवणारी जोडयंत्रे बनवण्याचा कारखाना काढला. हे काम हंगामी होते. सुगी सरली की कारागीर आणि यंत्रे रिकामी राहत. ती पोकळी भरण्यासाठी १९०७ मध्ये हाताने फिरवायचे लाकडी धुलाई यंत्र बाजारात आणले गेले. पुढे मूळ धंदा मागे पडला आणि जोडधंद्यानेच गाव पोसले.

लाकडी पिंपाचा दोष उघड होता. आठवडाभर कोरडे राहिले की फळ्या आकसत आणि पुढच्या धुण्याला सांध्यांतून पाणी गळे. तांब्याची व जस्तलेपित पत्र्याची पिंपे आली, पण मेटॅगने १९१९ च्या सुमारास अॅल्युमिनियमचे अखंड ओतीव पिंप काढले. एवढे मोठे, पातळ भिंतीचे ओतकाम निर्दोष उतरवणे अवघड असल्याने कंपनीने स्वतःची ओतशाळा चालवली. १९२२ मध्ये घुसळणारा पंखा, म्हणजे अॅजिटेटर, झाकणावरून काढून पिंपाच्या तळाशी बसवला गेला. त्यामुळे कपडे नुसते ओढले न जाता पाणीच कपड्यांतून जोराने फिरू लागले. १९२७ पर्यंत न्यूटनहून दहा लाख यंत्रे बाहेर पडली होती.

तोवर हाताऐवजी विजेवर चालणारी यंत्रे आली होती, पण वीज नसलेल्या घरांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. १९३५ च्या आसपास अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती. अशा घरांसाठी यंत्राखाली पेट्रोलवर चालणारे छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेले असे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे, पायाने किक मारायची आणि धुराची लवचीक नळी खिडकीबाहेर किंवा दाराबाहेर सोडायची. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होई, जास्त झाले तर स्पार्क प्लगवर काजळी धरे.

कामगार संबंध गोडीगुलाबीचे नव्हते. १९३८ मध्ये १० टक्के पगारकपातीवरून न्यूटनमध्ये संप झाला, राज्याने नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक गावात उतरवले आणि ऑगस्टमध्ये कामगार कपात सोसूनच कामावर परतले.

स्वयंचलित यंत्राचा मान साउथ बेंड (इंडियाना) येथील बेंडिक्सला जातो. १९३७ मध्ये आलेले त्यांचे समोरून उघडणारे यंत्र भिजवणे, धुणे, खळबळणे आणि पिळणे एकाच पिंपात करी. पिळताना ते इतके थरथरे, की बोल्टने जमिनीला जखडावे लागे. भाड्याच्या घरात तर मोठीच अडचण. युद्धानंतर रोलरची पिळणी असलेली यंत्रे मागे पडली, तरी मेटॅगने ती १९८३ पर्यंत बनवली.

नव्या यंत्रांसाठी पत्र्यावरचे पोर्सेलीन इनॅमल, म्हणजे भाजून बसवलेला काचेचा लेप, हे कारखान्याचे मर्म ठरले. व्हर्लपूलने १९५२ मध्ये ओहायोतील क्लाइड येथे घेतलेला कारखानाही मुळात इनॅमल पत्र्याचाच. पत्रा साच्यात दाबून पिंप घडवायचे, तेल काढायचे, आम्लात धुवायचे, मग कोबाल्टयुक्त काचेचा पहिला थर देऊन साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे भाजायचे. कोबाल्टमुळे काच लोखंडाला घट्ट धरते. पत्र्यात कार्बन जास्त असला तर वायू सुटून थरात बुडबुडे येतात. भाजताना ओलाव्यातून सुटलेला हायड्रोजन पोलादात मुरला, तर दोष आणखी खोडसाळ: भट्टीतून पिंप निर्मळ निघते आणि काही दिवसांनी चंद्रकोरीच्या आकाराच्या खपल्या उडू लागतात. म्हणून यासाठी अत्यल्प कार्बनचे खास पोलाद वापरतात. पुढे प्लास्टिकची बाहेरची पिंपे व स्टेनलेस स्टीलचे ड्रम आले आणि या भट्ट्यांचे काम घटले.

क्लाइडमध्ये १९८० च्या दशकात यंत्रातला पट्टा काढून मोटर थेट गिअरपेटीला जोडली गेली. दोन्हींमध्ये प्लास्टिक-रबराची स्वस्त जोडणी असे. पिंपात कपडे कोंबले की आधी तीच तुटे आणि मोटर व गिअरपेटी बचावत. मोटर फिरते पण पंखा हलत नाही, ही तिची खूण; बदलायला अर्धा-पाऊण तास पुरे. दुरुस्ती करणाऱ्यांना ही रचना आजही आवडते, ते उगाच नाही.

लुइव्हिल (केंटकी) येथील जीईचे (जनरल इलेक्ट्रिक) कारखान्यांचे संकुल, अप्लायन्स पार्क, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. १९७० च्या दशकात तिथे वीस हजारांहून अधिक लोक कामाला होते. विस्कॉन्सिनमधील रिपन येथे स्पीड क्वीनची यंत्रे अजून बनतात. जनरल मोटर्सने आपला गृहोपकरणांचा धंदा, फ्रिजिडेअर, १९७९ मध्ये विकला, त्याचा ओहायोतील मोरेनचा कारखाना ट्रकसाठी वापरला आणि २००८ मध्ये बंद केला. आता तिथे चिनी मालकीची फुयाओ कंपनी मोटारींच्या काचा बनवते.

व्हर्लपूलने २००६ मध्ये मेटॅग विकत घेतली आणि न्यूटन, हेरिन (इलिनॉय) व सर्सी (आर्कान्सा) येथील कारखाने बंद करायचे ठरवले. उत्पादन ओहायोतील क्लाइड आणि मॅरियनला गेले. न्यूटनमधले उत्पादन ऑक्टोबर २००७ मध्ये थांबले. तोटा केवळ पगारांचा नव्हता, मेटॅगचे मुख्यालयही त्याच गावात होते. आयोवातीलच वेबस्टर सिटीतला इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीचा कारखाना २०११ मध्ये बंद होऊन काम मेक्सिकोतील हुआरेसला गेले.

जानेवारी २०१८ मध्ये आयात यंत्रांवर खास शुल्क बसले: वर्षाच्या पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. सॅमसंगने न्यूबेरी (साउथ कॅरोलायना) आणि एलजीने क्लार्क्सव्हिल (टेनेसी) येथे उत्पादन सुरू केले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासानुसार धुलाई यंत्रे सुमारे १२ टक्क्यांनी महागली. गंमत म्हणजे शुल्क नसलेले ड्रायरही तितकेच महागले, कारण दोन्ही जोडीने विकली जातात. जीईचा गृहोपकरण विभाग २०१६ पासून हायर या चिनी कंपनीकडे आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे व्हर्लपूल, एलजी आणि हायर ही नावे पुणे परिसराला परिचित आहेतच. जून २०२५ मध्ये जीईच्या याच विभागाने काही यंत्रांचे उत्पादन चीनमधून लुइव्हिलला आणण्यासाठी ४९ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली.