आंतरवैयक्तिक मानसोपचार (सांगली जिल्ह्याच्या संदर्भात)

आंतरवैयक्तिक मानसोपचार हा नैराश्यावर बोलण्यातून केला जाणारा, ठरावीक मुदतीचा उपचार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयपीटी’ म्हणतात. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण 12 ते 16 बैठका होतात आणि बैठक पाऊण ते एक तास चालते. नैराश्याचे मूळ रक्तात आहे की परिस्थितीत, याचा निवाडा हा उपचार करत बसत नाही. आजार सुरू झाला त्या सुमारास जवळच्या नात्यांत काय घडत होते, एवढेच तो विचारतो. नाते बिघडले की मन खचते आणि मन खचले की नाते आणखी बिघडते. या गुंत्यातले नात्याचे टोक हाती धरून सोडवायला सुरुवात करायची, ही त्याची रीत.

सांगली भागात नैराश्य डॉक्टरांपुढे क्वचितच स्वतःच्या नावाने येते. ‘डोकं जड झालंय’, ‘हातापायातलं बळ गेलंय’, ‘कशातच जीव रमत नाही’, ‘टेन्शन आलंय’ असे ते बोलते. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातूनही माणसे तिथे शरीराचे दुखणे घेऊन येतात. मनाचे दुखणेही मग शरीराच्याच तिकिटावर प्रवास करते. रक्त, ईसीजी, डोक्याचा फोटो, सगळे ‘नॉर्मल’ येते आणि घरचे म्हणतात, ‘बघ, तुला काही झालेलं नाही.’ काहींच्या बाबतीत त्याआधी देवऋषीकडे जाऊन ‘बाहेरचं’ बघून झालेले असते.

हा उपचार जन्मला अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठात. 1969 च्या सुमारास जेराल्ड क्लेरमन, मिर्ना वाइसमन आणि सहकारी नैराश्यावरच्या गोळ्यांची चाचणी आखत होते. गोळ्यांसोबत रुग्णांशी बोलणेही होतेच, तर ते नेमके काय असते हे लिहून काढावे, म्हणून त्यांनी पद्धत नोंदवली. तिची पुस्तकरूपाने मांडणी 1984 मध्ये झाली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सरकारी चाचणीत 250 रुग्णांवर हा उपचार, विचार-वर्तन उपचार, इमिप्रामिन ही गोळी आणि नकली गोळी यांची तुलना झाली. त्यात आयपीटी टिकला.

पहिल्या दोन-तीन बैठकांत दोन कामे होतात. एक, आजाराला नाव देणे. ‘तुम्हाला नैराश्य हा आजार आहे, तो बरा होतो, आणि तोवर काही कामे तुमच्याकडून होणार नाहीत’ असे उपचारक स्पष्ट सांगतो. टायफॉइड झालेल्या सुनेला कोणी आळशी म्हणत नाही. तीच सवलत इथे काही दिवसांपुरती मिळवून दिली जाते. दुसरे काम नात्यांची उजळणी. घरात कोण कोण, कोणाशी रोज बोलणे होते, कोणाशी थांबले, कधीपासून, अडचणीला कोण धावून येते. नात्यांतले पेच हा उपचार चार प्रकारचे मानतो. उजळणीतून त्यांपैकी एक, फार तर दोन निवडायचे आणि पुढच्या बैठका त्यावरच खर्च करायच्या. मुदत कमी असल्याने हे निवडणे टाळता येत नाही. माझ्या मते या पद्धतीची अर्धी ताकद त्या मुदतीतच आहे.

पहिला पेच शोकाचा, आणि तो फक्त मृत्यूनंतरचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली. अशा वेळी चिखल काढणे, पंचनामा, जनावरांचा चारा यांच्या धांदलीत रडणे मागे पडते आणि पुढे कधीतरी नैराश्य होऊन वर येते. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांनी दुःखाला आकार मिळतो खरा, पण गेलेल्या माणसावरचा राग बोलून दाखवायला त्यात जागा नसते. उपचारक ती जागा करून देतो. घर किंवा गोठा वाहून गेला असेल तर तो मात्र दुसऱ्या पेचात धरला जातो.

हा दुसरा पेच म्हणजे बदललेली भूमिका. विटा, खानापूर, आटपाडी भागातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. समजा, दहा-बारा वर्षे परमुलखात स्वतःचा संसार चालवलेली बाई मुलांच्या शाळेसाठी गावी परतली. लोकांच्या नजरेत ती सुखात आली. तिच्या लेखी मात्र स्वतःच्या हातातली चूल गेली, शेजारीण गेली, नवरा फोनवर उरला. मागे सुटलेल्या दिवसांचे बरेवाईट दोन्ही मोजायचे, मग नव्या जागेत काय जमवता येईल ते पाहायचे, असा इथला क्रम.

तिसरा पेच मतभेदांचा, आणि सांगलीत याला तोटा नाही. विहिरीच्या पाण्याची पाळी, सरकलेला बांध, उसाचे बिल कोणाच्या खात्यावर, सासू-सून, नवरा-बायको. भांडण तीन अवस्थांत असू शकते: अजून वाटाघाट चालू आहे, गोठले आहे, किंवा तुटायला आले आहे. गोठलेल्या भांडणाला मराठीत फार नेमका शब्द आहे, अबोला. एकाच घरात ‘ह्यांना सांग जेवायला या’ असे पोरांमार्फत निरोप महिनोन्महिने चालतात. बाहेरून घर शांत दिसते. इथे उपचारक आधी भांडण थोडे पेटवतोही, म्हणजे थांबलेले बोलणे सुरू व्हावे. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘दवाखान्यात जाऊन ही जास्तच बोलायला लागली’ अशी तक्रार घरून आली, तर ती बिघाडाची खूण मानायचे कारण नाही.

या टप्प्यावरचे मुख्य हत्यार म्हणजे एखादा प्रसंग शब्दशः उलगडणे. उदाहरणार्थ, उपचारक विचारते आणि सून सांगते (आत्या म्हणजे इथे सासू):

‘आत्या काय म्हणाल्या?’
‘म्हणाल्या, आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’
‘मग तुम्ही?’
‘मी काय बोलणार मॅडम? ताट जरा जोरात ठेवलं.’
‘ताटातून त्यांना काय कळलं असेल?’
‘...मला राग आला म्हणून.’
‘आणि तुम्हाला काय कळवायचं होतं?’
‘की दवाखान्याला निघाले की त्यांचं असलं बोलणं बोचतंय.’

राग आणि बोच यांतले अंतर एकदा दिसले की पुढच्या वेळी काय म्हणता येईल, याची तालीम त्याच खोलीत करतात. वाक्य घरी जाऊन वापरायचे आणि काय झाले ते पुढच्या आठवड्यात सांगायचे.

चौथा पेच एकटेपणाचा, म्हणजे टिकणारी नातीच न जुळण्याचा. त्यावर या पद्धतीचा हात सर्वांत कमी चालतो. पहिल्या तिघांपैकी काही सापडत नसेल तरच तो निवडावा.

समेट घडवणारे गावकी-भावकीचे पंच आणि हा उपचारक यांची गल्लत होते. नवरा किंवा सासू एखाद्या बैठकीला येऊ शकतात, पण उपचार एकाच माणसाचा असतो आणि त्याचे बोलणे बाहेर जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नेही गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरात मारहाण असेल तर ‘नीट बोलायला शिका’ हा सल्ला घातक ठरतो. तिथे आधी सुरक्षितता आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी. भ्रम-भास, उन्माद किंवा जीव देण्याचे पक्के विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञ आधी हवा. गोळ्या चालू असतील तर त्या या उपचाराच्या जोडीने चालू शकतात.

शिकलेल्या तज्ज्ञाशिवाय हे जमते का, याचे उत्तर दोन ठिकाणी मिळाले. युगांडातील मसाका आणि राकाई जिल्ह्यांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी गावागावांत गटाने 16 बैठका घेतल्या आणि नैराश्य स्पष्टपणे कमी झाले. निष्कर्ष 2003 मध्ये आले. तिथे आजारासाठी लोकांच्या तोंडचे शब्द वापरले होते, आणि आपल्याकडे ‘टेन्शन’ या शब्दाला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गोव्यातील 24 दवाखान्यांत झालेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांच्या कामात हाच उपचार एक भाग होता. सरकारी दवाखान्यांत त्याचा गुण आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये आठ बैठकांची गट-पुस्तिका काढली.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. सांगलीकरांना जवळचा सरकारी आधार म्हणजे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मिरज व सांगली येथील रुग्णालये. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येते, पण ती पूर्ण उपचारमाला नव्हे. जतहून दर आठवड्याला मिरजेला यायचे म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. काही बैठका फोनवर घ्याव्यात, तर एका खोलीच्या घरात सासूच्या देखत सासूबद्दल बोलायचे कसे? मग फोन घेऊन रानात जावे लागते.

शेवटच्या दोन-तीन बैठका निरोपाच्या. उपचार संपताना वाईट वाटते. हे वाईट वाटणे आणि आजार यांतला फरक रुग्णाला ओळखता यावा लागतो. आपल्या धोक्याच्या खुणा तो स्वतः लिहून ठेवतो: पहाटे तीनला जाग, भाकरी नकोशी, माहेरचा फोन न उचलणे. नैराश्य पुन्हापुन्हा येत असेल तर पुढे महिन्यातून एक बैठक ठेवतात. इकडे ती आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, म्हणजे घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही.