सहा युनिट विजेचा दाब

सोलापूरजवळच्या फताटेवाडी येथील एनटीपीसीचे वीजकेंद्र 1320 मेगावॅट या पूर्ण क्षमतेने चालू असताना सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यात जेवढी वीज निर्माण करते, साधारण तेवढीच ऊर्जा, म्हणजे सुमारे 2.2 कोटी जूल, अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘झेड’ यंत्रात, पदार्थ प्रचंड दाबाखाली कसे वागतात हे पाहणाऱ्या एका प्रयोगासाठी साठवली जाते. घरच्या वीजबिलात ती जेमतेम 6 युनिट भरेल. ती साठवणारे कपॅसिटर आपल्या यंत्रमाग कारखान्यांत पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवतात त्याच तत्त्वावर चालतात. मात्र येथे साठा एका क्षणात मोकळा होतो आणि 2 कोटींहून अधिक अँपिअरचा प्रवाह काहीशे नॅनोसेकंदांत वाहून जातो.

हा प्रवाह धातूच्या एका पट्टीतून जातो आणि समोरच्या पट्टीतून उलट दिशेने परततो. विरुद्ध दिशेच्या प्रवाहांत अपकर्षण असल्यामुळे मधले चुंबकीय क्षेत्र दोन्ही पट्ट्यांना बाहेर रेटते आणि पट्टीवर लावलेला पदार्थाचा नमुना दाबला जातो. हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 100 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) तो हवेच्या दाबाच्या सुमारे 40 हजार पट असतो, तर 1000 टेस्लाला 40 लाख पट, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातील दाबाहूनही थोडा अधिक. रुग्णालयातील एमआरआयचे क्षेत्र सहसा दीड ते तीन टेस्ला असते.

केवळ प्रचंड दाब मिळवायचा तर स्फोटानेही मिळतो, परंतु त्यातला आघात-तरंग, म्हणजे दाब एकदम उसळवणारी लाट, पदार्थाला दाबतानाच अतिशय तापवतो आणि घन पदार्थ वितळून जातो. चुंबकीय दाब एकदम न येता क्रमाक्रमाने चढत जात असल्यामुळे नमुना त्या मानाने थंड राहतो, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल येथेच आहे. अडचण अशी की दाबलेल्या पदार्थात ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे मागून निघालेल्या, अधिक दाबाच्या लहरी पुढच्यांना गाठतात आणि नमुना जाड असेल तर शेवटी आघात-तरंगच तयार होतो. म्हणून नमुना पातळ ठेवतात आणि निरनिराळे स्विच थोड्या थोड्या अंतराने उडवून प्रवाहाची चढण हवी तशी घडवतात. दुसरीकडे, प्रवाहाने तापून पट्टीचा आतला पृष्ठभाग वितळू लागतो आणि चुंबकीय क्षेत्र धातूत झिरपत जाते. ते नमुन्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोजणी उरकावी लागते.

मोजणीसाठी नमुन्याच्या मागील पृष्ठभागावर लेसर सोडतात. पृष्ठभाग सरकला की परावर्तित प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते आणि त्यावरून वेग कळतो. वेगवेगळ्या जाडीच्या दोन नमुन्यांमधून लहर पोहोचण्यास लागलेल्या वेळांतील फरकावरून त्या पदार्थातील ध्वनीचा वेग, आणि त्यातून दाब व घनता यांचे नाते, एकाच प्रयोगात सलग हाती येते.