व्हिस्लरचे ‘बिलिंग्जगेट’: जुने छापचित्र घेताना आणि सांभाळताना

आमच्याकडे जुनी छापचित्रे घेण्यासाठी किंवा फ्रेम करण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांना अम्लरेखन, अर्थात एचिंग, म्हणजे काय हे समजावे, म्हणून जेम्स व्हिस्लर या अमेरिकी चित्रकाराचे १८५९ सालचे ‘बिलिंग्जगेट’ येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

हा लंडनचा, थेम्सकाठचा मासळीबाजार. धक्क्याला खेटून उभ्या असलेल्या शिडाच्या होड्या, डोलकाठ्या आणि दोरखंडांची दाटी, घाटावरची माणसे आणि मागे घड्याळाचा मनोरा, एवढे सगळे जेमतेम १५ × २२ सेंटीमीटरमध्ये मावले आहे. बाजाराची ती इमारत आता नाही. तिच्या जागी १८७७ मध्ये नवी इमारत उभी राहिली आणि १९८२ मध्ये बाजारच तेथून हलला.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने चित्र काढतात. सुईने लेप जेथे खरवडला जातो, तेवढीच जागा अम्ल खाते आणि त्या चरांत भरलेली शाई दाबयंत्राखाली ओलसर कागदावर उतरते. छापताना डावे-उजवे उलटते, त्यामुळे पत्र्यावरची सही चित्रकाराला उलटी लिहावी लागते. व्हिस्लरने हे तंत्र अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात, नकाशे कोरता कोरता आत्मसात केले होते; दोरखंडाची एकेक रेघ इतकी नेमकी का, याचे उत्तर बहुधा तेथेच आहे.

अस्सल प्रतीत चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. मात्र असा दाब खोटाही उठवता येतो, म्हणून भिंगातून रेघ पाहावी: ती सलग आणि किंचित उठावदार असेल तर ठीक, बारीक ठिपक्यांची असेल तर ती यांत्रिक नक्कल समजावी. शिवाय हे चित्र १८७८ मध्ये ‘द पोर्टफोलिओ’ या इंग्रजी मासिकासोबत वाचकांना मिळाले होते, तेव्हा कोणी ‘दुर्मीळ’ म्हणताच पैसे मोजू नयेत. हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो.

फ्रेम करताना आम्ही अम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, वापरतो, कागद खळीने आणि जपानी कागदाच्या पट्टीने अडकवतो आणि चित्र काचेला टेकू देत नाही. घरी सेलोटेप लावू नये. त्याचा पिवळा डाग सहसा निघत नाही. ओल येणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन टाळावे. पावसाळ्यानंतर कागदावर तांबूस ठिपके दिसले, तर फ्रेम स्वतः न उघडता दुकानात आणावी.