पार्श्वभूमी : एम.ए.चे पंचावन्न टक्के आणि श्रेणीचे बदलते कोष्टक

पदव्युत्तर परीक्षांचे नियम बदलले की चर्चा सत्र पद्धत, अंतर्गत गुण आणि एटीकेटी (नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची मुभा) यांच्याभोवती फिरते. महाराष्ट्रातल्या एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचे पुढचे सगळे मात्र गेली तीन दशके एका आकड्यावर ठरत आले आहे. तो आकडा म्हणजे ५५ टक्के. नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पात्रता परीक्षांचा, अर्ज भरायचा तर ५५, पीएच.डी.ला प्रवेश हवा तर ५५, सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बसायचे तर ५५. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे, पण तीही याच आकड्यापासून मोजली जाते. दरम्यान गुणांऐवजी अक्षरांची श्रेणी आली, अभ्यासाचा भार मोजणारे क्रेडिट आले, सात श्रेणींचे माप जाऊन दहा श्रेणीगुणांचे आले. आकडा जागचा हलला नाही. आजच्या बहुतेक तक्रारी या न हललेल्या आकड्यातून आणि सतत हलणाऱ्या कोष्टकातून निघालेल्या आहेत.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथली विद्यापीठे १८५७ साली लंडनच्या धर्तीवर निघाली. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. त्यामुळे परीक्षा हेच विद्यापीठाचे मुख्य काम होऊन बसले. शिकवणाऱ्याने गुण द्यायचे नाहीत, गुण देणाऱ्याने विद्यार्थी पाहायचा नाही, हा दंडक तेव्हाचाच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या शिक्षण आयोगाने, १९४८-४९ मध्ये, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू, असे लिहून ठेवले. १९६४-६६ च्या आयोगाने अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला. सत्तरच्या दशकात गुणांऐवजी श्रेणी द्यावी, अशी शिफारस पुढे आली. तिचे कारण साधे होते. ५९ आणि ६० यांतला फरक ज्ञानातला नसतो, बऱ्याचदा तो तपासणाऱ्याच्या हातातला असतो. एका गुणावरून माणसाचा वर्ग ठरू नये म्हणून श्रेणी हवी होती.

पण आपल्याकडे बराच काळ चालली ती वार्षिक पद्धत. पार्ट वनचे चार पेपर, पार्ट टूचे चार, एकूण ८०० गुण. त्यातले ४४० मिळाले की ५५ टक्के. प्राध्यापकांच्या खोलीत याला ‘बी प्लस’ म्हणत, पुण्याकडे ‘हायर सेकंड क्लास’. ‘एम.ए.ला बी प्लस आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर तासिका तत्त्वावरची नेमणूक व्हायची किंवा राहायची.

या आकड्याला कायद्याचे वजन आले १९ सप्टेंबर १९९१ रोजी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या दिवशीच्या केंद्रीय विनियमांनी महाविद्यालयीन शिक्षकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के ‘किंवा समकक्ष श्रेणी’ आणि त्यासोबत पात्रता परीक्षा बंधनकारक केली. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या नियमांत ती पुन्हापुन्हा येते. त्याआधी पदव्युत्तर पदवी घेतलेल्या पीएच.डी.धारकांना ५५ ऐवजी ५० टक्के चालतात, ही सवलत याच तारखेवर उभी आहे. महाराष्ट्रात या तारखेनंतर आणि ३ एप्रिल २००० पूर्वी नेमले गेलेले, पण नेट-सेट नसलेले हजारो शिक्षक वर्षानुवर्षे अधांतरी राहिले. त्यांच्यासाठी २०१३ च्या सुरुवातीला परीक्षेच्या कामावर बहिष्कार पडला, निकाल लांबले, आणि २७ जून २०१३ चा शासन निर्णय निघाला. त्याने सेवा नियमित धरली, पण निर्णयाच्या दिवसापासून. मधल्या वर्षांचा हिशोब कोर्टात गेला.

१९९१ च्या मजकुरातले ‘समकक्ष श्रेणी’ हे दोन शब्द त्या वेळी कुणाला फारसे खटकले नाहीत. आपल्याकडे श्रेणी फारशी नव्हतीच. नंतरच्या नियमांत खुलासा आला की ५५ टक्के म्हणजे सात श्रेणींच्या मापातली ‘बी’. त्या मापात ओ, ए, बी, सी, डी, ई, एफ अशा श्रेणी होत्या आणि बी म्हणजे ५५ ते ६४. इथवर ठीक होते.

गुंता सुरू झाला तो २०११-१२ च्या सुमारास, मुंबईत क्रेडिट पद्धत आली तेव्हा. मापे सातचीच होती, अक्षरेही तीच, पण कोष्टक स्थानिक झाले. ७० च्या वर ओ, ६० पासून ए, ५५ ते ५९.९९ बी, ५० पासून सी. केंद्राच्या कोष्टकात ओ ७५ पासून होता आणि ए ६५ पासून. म्हणजे ६२ गुणांचा विद्यार्थी इथे ए आणि दिल्लीच्या कागदावर बी. नशिबाने बीची खालची कड दोन्हीकडे ५५ वर जुळत होती, म्हणून पात्रतेचा प्रश्न फार पेटला नाही.

मग देशभर दहाचे माप आले. २०१५ च्या सुमारास निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अक्षरे आणि त्यांचे श्रेणीगुण दिले: ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, नापास शून्य. कोणत्या अक्षराला किती टक्के, हे मात्र विद्यापीठांवर सोडले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा मान राखला असे त्याचे समर्थन केले जाते, आणि तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही. पण पात्रतेची रेघ देशभर एकच आणि तीही टक्क्यांत ठेवायची, आणि त्या रेघेपर्यंत पोचायचे माप मात्र प्रत्येक विद्यापीठाने आपापले बनवायचे, यात भार कुणावर आला? विद्यार्थ्यावर.

मुंबईत २०१६-१७ पासूनच्या कोष्टकात ओ ८० पासून, ए प्लस ७० पासून, ए ६० पासून, बी प्लस ५५ ते ५९.९९ आणि बी ५० ते ५४.९९. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जी ‘बी’ प्राध्यापक होण्याची पात्रता देत होती, तीच आता अपात्रतेची खूण झाली. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार आणखी एक कोष्टक लागू झाले. ओ ९० पासून, ए प्लस ८० पासून, ए ७० पासून, बी प्लस ६० ते ७० आणि बी पुन्हा ५५ ते ६०. एकाच विद्यापीठाच्या, बारा वर्षांच्या आतल्या तीन गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर बी या अक्षराचा अर्थ पात्र, अपात्र, पात्र असा होतो. अर्ज छाननीला बसलेल्या कारकुनाला हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून उमेदवार परीक्षा विभागात जाऊन टक्केवारीचे पत्र काढतो, त्याचे शुल्क भरतो आणि ते अर्जाला जोडतो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयातून एम.ए. झालेल्या मुलीसाठी हे काम म्हणजे मुंबईची एक खेप असते. जिने नियम केला नाही, मोडलाही नाही, तिने ती का करावी?

श्रेणीच्या सरासरीतही एक अडचण दडलेली आहे, ती उदाहरणानेच कळते. २०१६ च्या कोष्टकावर दोन विद्यार्थी घेऊ, प्रत्येकी चार पेपर, सगळे सारख्या क्रेडिटचे. पहिल्याला ५४, ५४, ५४ आणि ६०. एकूण ४०० पैकी २२२, म्हणजे ५५.५ टक्के. दुसऱ्याला ५५, ५५, ५० आणि ५०. एकूण २१०, म्हणजे ५२.५ टक्के. आता श्रेणीगुण लावा. पहिल्याचे ६, ६, ६ आणि ८, दुसऱ्याचे ७, ७, ६ आणि ६. दोन्हींची बेरीज २६, सरासरी ६.५. गुणांवर पाहिले तर पहिला पात्र, दुसरा अपात्र. सरासरीवरून टक्के काढायचे कोणतेही सूत्र लावले तर दोघांचे टक्के एकच येणार, म्हणजे पहिल्यावर तरी अन्याय किंवा दुसऱ्यावर तरी मेहेरबानी. म्हणून गुणपत्रिकेवर श्रेणीसोबत मूळ गुण छापलेच पाहिजेत. ‘श्रेणी आणली की गुण झाकायचे’ हा आग्रह शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. पात्रता टक्क्यांत असेपर्यंत तो विद्यार्थ्याच्या मुळावर येतो.

याला चिकटलेला दुसरा वाद ग्रेस गुणांचा. वरचा वर्ग थोडक्यात हुकत असेल तर एकूण गुणांच्या एक टक्क्यापर्यंत, पण दहापेक्षा जास्त नाही, इतके गुण वाढवून देणारा ऑर्डिनन्स मुंबईत जुना आहे. इतरत्रही थोड्याफार फरकाने तशी तरतूद असते. जुन्या ८०० च्या हिशोबात ४३२ वर अडकलेला विद्यार्थी आठ गुण मिळून नेमका ४४० वर यायचा. गुणपत्रिकेवर त्या गुणांपुढे खूण यायची, पण वर्ग मिळायचा. २०१० च्या केंद्रीय विनियमांनी स्पष्ट केले की ५५ टक्के ग्रेस न धरता हवेत. नेटच्या माहितीपत्रकातही ५४.९९ ला ५५ धरता येणार नाही अशा अर्थाची अट असते. विद्यापीठ एका हाताने वर्ग देते आणि नेमणुकीच्या वेळी तोच वर्ग नाही म्हटला जातो. कडक पात्रता असावी हे मान्य. पण मग ग्रेस देतानाच विद्यार्थ्याला लेखी कळवायला हवे की हे गुण प्राध्यापकीसाठी मोजले जाणार नाहीत. श्रेणीसुधार परीक्षेला बसण्याची संधी असताना तो बसला असता. ग्रेसच्या भरवशावर गप्प राहिला आणि काही वर्षांनी मुलाखतीच्या टेबलावर त्याला कळले, असे होता कामा नये.

मधल्या काळात निकालाच्या यंत्रणेनेच मान टाकली. राज्याचा नवा विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. निकाल शक्यतो ३० आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा, असे त्यात आहे. त्याच उन्हाळ्यात मुंबईत सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा प्रयोग पुरेशा तयारीविना झाला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत गेले, एल.एल.एम.सारख्या प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. पडद्यावरची तपासणी नंतर रुळली, हेही नोंदवायला हवे.

२०२० मध्ये राज्याने अंतिम सत्राची परीक्षा न घेता सरासरीवर पदवी द्यायचे ठरवले होते. ६ जुलैच्या केंद्रीय सूचनांनी परीक्षा सक्तीची केली, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, टाळता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. मराठी साहित्याच्या एम.ए.ला, जिथे एका प्रश्नाचे उत्तर चार-पाच पाने चालते, तिथे पर्यायावर टिचकी मारायची होती. ते गुण आधीच्या तीन लेखी सत्रांच्या सरासरीत तसेच मिसळले. त्या तुकडीच्या गुणवत्तेवर शंका घेणाऱ्यांना हे सांगायला हवे की परीक्षेचा प्रकार त्या मुलांनी निवडला नव्हता.

आताचा आराखडा दोन वर्षांत ८८ क्रेडिटचा आहे. दर सत्राला २२, त्यात संशोधन पद्धतीचा पेपर, क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर ४४ क्रेडिट घेऊन पदव्युत्तर पदविकेसह बाहेर पडता येते. जून २०२४ च्या सत्रापासून चार वर्षांची पदवी असलेल्यांनाही नेटला बसता येते, त्यासाठी अट आहे ७५ टक्क्यांची. म्हणजे नवा दरवाजा उघडतानाही मोजपट्टी टक्क्यांचीच राहिली. २०२१ साली आलेल्या क्रेडिट बँकेत मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत जपता येतात आणि एका विद्यापीठातून दुसरीकडे नेता येतात. त्या क्रेडिटसोबत श्रेणीही जाते. पण ५८ गुणांना एकीकडे बी आणि दुसरीकडे बी प्लस म्हणणारी कोष्टके जुळवून घेण्याचा सर्वांना बांधील असा एकच तक्ता अजून विद्यार्थ्याच्या हातात नाही. तोवर पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रत्येक सत्राची गुण दाखवणारी मूळ गुणपत्रिका आणि त्या वर्षीच्या श्रेणीकोष्टकाची प्रत जपून ठेवावी. छाननीत विचारले जाते ते याच दोन कागदांबद्दल.