सत्तरीनंतरचे पाच लाख, आणि 'कुटुंब' म्हणजे नक्की कोण

आयुष्मान कार्ड म्हणजे केंद्राच्या योजनेतलं, हॉस्पिटलात भरती झाल्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं कार्ड. 2024 पासून ते सत्तरीनंतरच्या सगळ्यांना मिळतं, पण ते पाच लाख 'कुटुंबाला' आहेत, आणि कुटुंबात नक्की कोण धरायचं, प्रश्न तिथेच आहे. केंद्र सरकारी नोकरांसाठी आरोग्य योजना 1954 पासून आहे, त्यांच्या पेन्शनरांचं त्यावर निभावतं. बाकीच्या म्हाताऱ्यांची गोष्ट खरी सुरू होते 2008 ला.

तेव्हा राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 30,000 चं कव्हर, नोंदणीचे 30 रुपये आणि एक स्मार्टकार्ड. वयाची अट नव्हती पण कार्डावर नावं पाचच, म्हणजे नवरा, बायको आणि वर तिघं, मग घरात तीन पोरं असली की आजीचं नाव कुठे घुसवणार? योजनेत आजी पात्र, कार्डावर आजी नाही. 2016 ला ज्येष्ठांसाठी माणशी आणखी 30,000 जोडले, पण तोवर हॉस्पिटलची बिलं कुठच्या कुठे गेली होती.

आपल्याकडे महाराष्ट्रात राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2012 ला आधी आठ जिल्ह्यांत आणि 2013 ला सगळीकडे, दीड लाखाचं कव्हर. तिथे कुटुंब म्हणजे रेशनकार्ड. तेव्हा पिवळं किंवा केशरी असलं तर माणूस आत होता, पांढरं असलं तर बाहेर, मग स्वतःची कमाई शून्य का असेना. 2018 ला केंद्राने आयुष्मान योजना आणली, कव्हर पाच लाख केलं आणि माणसांची मर्यादाही काढली, आजी एकदाची कार्डावर आली. फक्त यादी तेव्हा मुख्यतः 2011 च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातली होती, त्यात घर नसलं तर बहुतेकांचा विषय संपला.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्यांना उत्पन्नाची अटच गेली. चांगलंच झालं, पण घोळ परत 'कुटुंब' याच शब्दात. ज्यांचं कुटुंब आधीच योजनेत होतं त्यांच्या घरातल्या सत्तरीपारच्यांना वेगळे पाच लाख मिळाले, घरातल्या तरुणांशी वाटून घ्यायचे नाहीत. जे नव्याने आले त्यांनाही पाच लाख, पण 'कुटुंबाला'. म्हणजे दोघंही सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून पाच. आणि नवरा 74, बायको 67 असेल (आपल्याकडे बहुतेक जोडपी अशीच) तर बायको त्यात नाहीच. घोषणा ऐकून बऱ्याच जणांना वाटलं की माणशी पाच लाख आणि घरात सगळ्यांना. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण तसं नाही हे जाहिरातीतही ठळक करून कोणी सांगितलं नाही, हे माझं मत.

बाकी, खाजगी मेडिक्लेम असेल तरी हे कार्ड काढता येतं. केंद्राच्या कर्मचारी योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असाल तर दोन्हीतलं एकच निवडायचं. आधीचा आजार असला तरी थांबावं लागत नाही. प्रीमियम नाही, पण भरती व्हावंच लागतं. भरतीआधीचे 3 दिवस आणि घरी आल्यावर 15 दिवसांचा खर्च धरतात, रोजच्या बीपी शुगरच्या गोळ्या मात्र खिशातूनच, आणि या वयात दर महिन्याला पैसे जातात ते तिथेच.

वय आधारवरून धरतात. आपल्या कितीतरी आजोबांची जन्मतारीख 1 जून आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. गावात पंच्याहत्तरीचे म्हणून मान आणि आधारवर 68, त्यांना अजून दोन वर्षं थांबायचंय.