तारापूर ते जैतापूर : इंधनाच्या करारांची पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा वाद समजून घ्यायचा असेल तर सुरुवात राजापूर तालुक्यातून न करता कोकणच्या उत्तर टोकापासून, तारापूरपासून करावी लागते. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला, त्यानुसार जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम, म्हणजे विखंडनक्षम अंश वाढवलेले युरेनियम लागते आणि ते पुरवण्याची हमी अमेरिकेने घेतली होती.

मे १९७४ मधील पोखरणच्या चाचणीनंतर हे चित्र पालटले. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांनी आपला गट स्थापन केला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने असा कायदा केला की, ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचे नाही. आधीच्या कराराला नंतरचा कायदा लागू करणे हा करारभंग आहे, असे भारताचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. मात्र भारताच्या हातीही एक बाजू होती. तारापूरला साठत चाललेल्या वापरलेल्या इंधनावर अमेरिकेच्या संमतीशिवाय पुनर्प्रक्रिया करता, म्हणजे त्यातले प्लुटोनियम वेगळे काढता येत नव्हते. करारच मोडला तर हे बंधनही उरणार नव्हते. अखेर १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या वॉशिंग्टन भेटीत तोडगा निघाला : करार आणि तपासणी कायम राहावी, इंधन मात्र फ्रान्सने द्यावे. दोन्ही देशांची बाजू राखणारा हा तोडगा भारतीय मुत्सद्देगिरीच्या उत्तम कामगिरींपैकी एक आहे, असे मला वाटते. १९९३ मध्ये कराराची मुदत संपल्यावर पुढे चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन मिळवावे लागले.

इंधनासाठी एका वेळी एखाद्याच पुरवठादारावर विसंबण्याची ही स्थिती सप्टेंबर २००८ पर्यंत राहिली. त्या महिन्यात पुरवठादार देशांच्या गटाने सर्व केंद्रांच्या तपासणीच्या अटीतून भारताला सूट दिली आणि महिना संपण्याआधीच फ्रान्सशी करार झाला. कझाकस्तान आणि कॅनडा यांच्याकडून युरेनियम घेण्याचा मार्गही याच सवलतीमुळे खुला झाला. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना अणुभट्ट्या बनवणाऱ्या फ्रेंच अरेव्हा कंपनीशी प्राथमिक करार झाले आणि जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची, म्हणजे ९,९०० मेगावॉटची योजना पुढे आली.

पॅरिसशी बोलणी जितक्या चिकाटीने झाली, तितक्या चिकाटीने ती माडबन, मिठगवाणे किंवा साखरी नाटे या परिसरातील गावांत झाली नाहीत. भट्ट्या थंड करून परत समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळीचे काय होईल, हा मच्छीमारांचा प्रश्न साधा आणि नेमका होता. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. त्याच्या पुढच्याच महिन्यात साखरी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. अरेव्हाची जागा पुढे ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीने घेतली, तिने एप्रिल २०२१ मध्ये बंधनकारक प्रस्तावही दिला, तरी विजेचा दर आणि अपघाताचे दायित्व हे दोन प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिले.

तेलाच्या बाबतीतही हेच घडले : बोलणी परदेशी कंपन्यांशी झाली, स्थानिकांशी तितकी नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबू धाबीची अ‍ॅडनॉक ही कंपनी राजापूर तालुक्यातीलच नाणार येथील, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पात उतरली. खरेदीदाराला खात्रीचा पुरवठा आणि विक्रेत्याला खात्रीची बाजारपेठ, असा हा परस्परहिताचा व्यवहार होता. पण स्थानिकांच्या विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये राज्य सरकारने तेथील भूसंपादन रद्द केले.