पेंग्विन आधी, बर्फ नंतर

मुंबईत २०१६ साली राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांना गार काचघरात ठेवलं गेलं आणि ‘पेंग्विन म्हणजे बर्फ’ हे आपल्या डोक्यातलं समीकरण आणखीच पक्कं झालं. वास्तविक हम्बोल्टचं घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, वाळवंटाच्या काठाला. तिथे गार असतो तो समुद्राचा प्रवाह. गालापागोस पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतो. हे अपवाद वाटतात, पण पेंग्विनांचा पूर्वेतिहास पाहिला तर बर्फातले पेंग्विनच फार उशिराचे ठरतात.

या इतिहासाचा पहिला पुरावा म्हणजे पायाचं एक हाड. ते न्यूझीलंडहून इंग्लंडला पोचलं आणि इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८५९ मध्ये त्याचं वर्णन केलं. इतर पक्ष्यांमध्ये हे हाड लांब आणि सडपातळ असतं. पेंग्विनमध्ये ते आखूड आणि रुंद असतं, आणि ज्या तीन हाडांपासून ते बनतं त्यांच्या खुणा वरून स्पष्ट दिसतात. त्यामुळे एवढ्याशा तुकड्यावरूनही ओळख पटली. पक्षी आजच्या बहुतेक पेंग्विनांपेक्षा थोराड होता, हेही कळलं.

पुढची काही दशकं मात्र शास्त्रज्ञांचं लक्ष भलतीकडेच होतं. एम्परर पेंग्विन हा सगळ्यांत आदिम पक्षी असावा आणि त्याच्या अंड्यातल्या भ्रूणात सरीसृपांशी असलेलं नातं दिसेल, अशी एक कल्पना होती. तिच्यापायी ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात, चोवीस तासांच्या काळोखात आणि उणे ६० अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत केप क्रोझियरला, एम्परर पेंग्विनांच्या वसाहतीकडे गेले. तीन अंडी लंडनला पोचली. त्यांवरचा अंतिम अहवाल १९३४ मध्ये आला आणि त्यातून फारसं काहीच निघालं नाही. एवढे कष्ट आणि इतका किरकोळ निकाल, असं विज्ञानात क्वचितच घडलं असेल. पेंग्विन मुळात कधी उडतच नव्हते, असं म्हणणारेही तेव्हा होते. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी १९४६ मध्ये जीवाश्मांच्या आधारे तो वाद बहुतेक मिटवला: पूर्वज उडणारेच होते.

खरी उडी पडली २००६ मध्ये, वायमानू या प्राचीन पेंग्विनाच्या वर्णनाने. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात, वायपारा नदीच्या परिसरात सापडलेला हा पक्षी सुमारे ६ कोटी १६ लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे जेमतेम ५० लाख वर्षांत एका पक्ष्याने उडणं सोडून पोहणं पत्करलं होतं. समुद्रातले मोठे शिकारी सरीसृप गेले होते, देवमासे आणि सील अजून यायचे होते; मधली जागा मोकळी होती. वायमानूची चोच लांब, हाडं जड, पंख आखूड, पण आजच्यासारखे ताठ वल्हे झालेले नव्हते.

मग आकार वाढत गेले. न्यूझीलंडच्याच ओटागो किनाऱ्यावर मिळालेल्या, २०२३ मध्ये वर्णन झालेल्या कुमिमानू फोर्डायसीचं वजन अंदाजे १५० किलो. आजचा एम्परर ४० किलोच्या आसपास थांबतो. पेरूच्या पाराकास भागातला ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा इन्कायाकू तर पिसांसकट सापडला. पिसांतले रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तपासल्यावर तो काळा-पांढरा नसून करडा आणि तांबूस-तपकिरी असल्याचं २०१० मध्ये पुढे आलं. हे अजस्र पेंग्विन का संपले? दातवाले देवमासे आणि सील यांच्याशी स्पर्धा, हे आजवर दिलं गेलेलं कारण पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो पुरावा पंखाच्या वरच्या हाडावरच्या बारीक खोबणीचा. तिथून रक्तवाहिन्यांचं एक जाळं जातं. पंखाकडे निघालेलं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देतं, आणि शरीराची उष्णता पाण्यात वाया जात नाही. ही खोबण वायमानूत नाही. किमान ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर मात्र आहे. अंटार्क्टिकावर मोठे हिमस्तर साचले ते सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी! ही सोय झाली तेव्हा पृथ्वी चांगलीच उबदार होती. खोल पाण्यात तासन्‌तास राहायचं तर अंगातली ऊब धरून ठेवावीच लागते, तिथे बर्फ असो वा नसो. बर्फात शिरायला ती नंतर उपयोगी पडली.

जनुकांनी या कथेत दोन मोठ्या गोष्टी घातल्या. पेंग्विनांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे अल्बट्रॉस आणि पेट्रेल, लांबच लांब उडणारे समुद्रपक्षी. दुसरी गोष्ट म्हणजे आजच्या सगळ्या पेंग्विनांचा समाईक पूर्वज बराच अलीकडचा. २००६ च्या एका अभ्यासाने तो ४ कोटी वर्षांपूर्वी टाकला होता. पण आजच्या गटांचे इतके जुने जीवाश्म काही मिळेनात. संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर २०२० चा हिशेब २ कोटी २० लाखांवर आला, २०२२ चा १ कोटी ४० लाखांवर. जनुकांतल्या फरकांना वर्षांत बदलायचं तर जीवाश्मांचं वय हाताशी लागतंच, म्हणून आकडे हलतात. कुठलाही नवा आकडा धरला तरी कुमिमानू आणि इन्कायाकू यांच्या शाखा आज उरलेल्या नाहीत. २०२२ च्याच अभ्यासात असंही दिसलं की पेंग्विनांचा उत्क्रांतीचा वेग पक्ष्यांमध्ये सर्वांत मंद गटांत मोडतो.

प्राचीन डीएनएने तर अगदी कालपरवाची एक प्रजाती दाखवून दिली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची काही जुनी हाडं पिवळ्या डोळ्यांच्या ‘होइहो’ पेंग्विनाचीच असावीत असं धरलं जात होतं. २००८ मध्ये तपासणी झाली तेव्हा ती वेगळ्याच, नामशेष झालेल्या प्रजातीची निघाली. तिचं नाव वायताहा. पॉलिनेशियन लोक तिथे वसल्यावर काही शतकांतच ती संपली आणि रिकाम्या किनाऱ्यावर दक्षिणेकडच्या बेटांवरून होइहो येऊन राहिले. आता त्यांचीही गणना धोक्यातल्या प्रजातींत होते.